‘लागणे’ या क्रियापदाचा तक्ता

निपाणीच्या आमच्या वाचनालयात, उत्तरेकडच्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधोमध एक मोठा तक्ता टांगलेला आहे. तो मी तयार केला. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण तक्ता नेमका कोणाचा याविषयी अलीकडे गावात भिन्न मते ऐकू येतात. शेजारच्या बाळाबाईंच्या मते तो बाळाबाईंचा आहे. वाचनालयाचे चिटणीस भूपाल त्याचा उल्लेख ‘आपल्या संस्थेचे कार्य’ असा करतात. तंबाखूकराच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या दप्तरात तर त्याची नोंद जाळून नष्ट केलेल्या मालाच्या सदरात झालेली आहे. तेव्हा जे घडले ते क्रमाने आणि निःपक्षपातीपणे सांगणे हे माझे कर्तव्य ठरते. मी तंत्रविद्यालयात शिकलेला मनुष्य आहे. पुढे बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून रस्ते, मोऱ्या आणि एक पूल बांधून निवृत्त झालो. पूल अजून उभा आहे. अतिशयोक्ती हा माझा प्रांत नाही.

प्रकरणाचे मूळ पुण्याच्या एका पाहुण्यांत आहे. बेचाळीस साली वाचनालयाच्या वार्षिकोत्सवाला ते वक्ते म्हणून आले होते. गृहस्थ विद्वान, आवाज गोड, उपरणे इस्त्रीचे. भाषणाच्या ओघात ते म्हणाले, की कानडी मुलखाच्या कडेला राहून आपण मराठी टिकवली हे कौतुकास्पदच आहे. परंतु टिकवताना शब्दांची फार पडझड झाली. गरिबाघरी एकाच पातेल्यात सकाळी दूध, दुपारी आमटी आणि रात्री विरजण होते, तशी इकडची माणसे एकाच शब्दावर दहा कामे भागवतात. यावर सभेने टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी भूपाल यांची होती. त्यांचे तत्त्व असे, की पाहुण्यांचे वाक्य संपले की टाळी वाजवावी आणि अर्थ सवडीने घरी जाऊन पाहावा.

मला मात्र ते फार झोंबले. एका अवजाराने दहा कामे होत असतील तर तंत्रशास्त्रात त्याला गरिबी म्हणत नाहीत, उत्तम रचना म्हणतात. हे उत्तर मला त्याच सभेत द्यायचे होते. परंतु ते सुचले तेव्हा पाहुण्यांची मोटार चिकोडीरोड स्टेशनच्या वाटेला लागली होती.

पुढच्या वर्षासाठी कार्यकारी मंडळाने त्याच पाहुण्यांना पुन्हा बोलावले, कारण त्यांचा पत्ता हाताशी होता. शिवाय प्रत्येक सभासदाने प्रदर्शनासाठी काहीतरी करावे असे ठरले. मी उभा राहिलो आणि जाहीर केले, की मी एकच शब्द घेईन, अगदी घरगुती, रोजच्या वापरातला, आणि त्याचे निपाणीत चालू असलेले सर्व अर्थ वाक्यांत उपयोग करून एका तक्त्यावर मांडीन. शब्द ‘लागणे’. तो प्रत्येक घरात दिवसभर राबतो आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ओव्हरसियर म्हणून मला त्याच्याविषयी पहिल्यापासून आपुलकी होती.

आता पद्धतीविषयी. वाक्ये घरी खुर्चीवर बसून एका दुपारी रचता आली असती. तसे केले असते तर ही हकीकत येथेच संपती आणि माझ्या भिवया शाबूत राहत्या. परंतु खुर्चीवर बसून मोजलेला रस्ता आमच्या खात्यात रस्ता धरत नाहीत. माप जागेवर घ्यावे लागते, तेही पंचांसमक्ष. मी तोच नियम येथे ठेवला. वाक्य निपाणीच्या माणसाने आपणहून उच्चारलेले असावे. ज्याविषयी ते उच्चारले ती गोष्ट त्या घटकेला खरोखर घडलेली असावी. आणि दोन पंचांनी ते ऐकून चौकोनाखाली सही अथवा अंगठा करावा. म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांना ‘हे पुस्तकातले’ असे म्हणण्यास जागा उरणार नाही. मी ड्रॉइंगचा जाड कागद पसरला, टी-पट्टीने चौकोन आखले, प्रत्येक चौकोनाच्या माथ्यावर ‘अन्न’, ‘शरीर’, ‘निद्रा’, ‘नोकरी’, ‘अग्नी’ अशी विषयवार नावे काळ्या शाईत घातली, आणि कामाला प्रारंभ केला.

पहिले वाक्य घरातच मिळाले. आम्ही जैन; सूर्य मावळण्याच्या आत आमचे जेवण आटोपते. त्यामुळे दिवस कलला की माझ्या पत्नीची, राजमतीची, चुलीपाशी घाई असते. त्या दिवशी भात चढवून ती परसात गेली. मी जवळच पाटावर बसलो होतो. थोड्या वेळाने भाताचा वास बदलला. अशा वेळी सामान्य मनुष्य उठून पातेले उतरवतो. मीही उठलो, परंतु पंचांना बोलावण्यासाठी. डाव्या घरच्या बाळाबाई आणि उजव्या घरचा भरमू, जो भूपाल यांच्या तंबाखूच्या वखारीत माल तोलणारा तोलार आहे, असे दोघे हातातले काम टाकून आले आणि आम्ही तिघे चुलीसमोर गंभीरपणे उभे राहिलो.

राजमती आत आली, पातेल्यावर वाकली आणि म्हणाली, “अगं बाई, भात लागला की.”

वाक्य निर्दोष होते. मी पंचांकडे पाहिले; पंचांनी माना डोलावल्या. तेवढ्यात राजमतीने वर पाहिले.

“तुम्ही हितंच हुतासा?”

मी होकार दिला.

“आनि वास येत न्हवता?”

वास स्पष्ट येत होता, किंबहुना वासामुळेच पंचांना पाचारण केले, असे मी सविस्तर समजावून सांगितले. माणसाने काही वेळा कमी सविस्तर असावे. बाहेर सूर्य टेकला होता, दुसरा भात होण्याइतका दिवस उरला नव्हता, आणि अंधारात जेवण्याचा आमच्या घरी प्रश्नच नाही. तेव्हा आम्ही दोघांनी तो भात न बोलता खाल्ला. बाळाबाई अंगठा उठवताना म्हणाल्या, “आप्पा, एकेका शब्दाला असं एकेक पातेलं गेलं म्हंजे तुमचा संसार काय पुरायचा न्हाय.” भरमूने पातेल्याच्या काजळीवरच अंगठा टेकवून तो कागदावर उमटवला. तो ठसा इतका सुरेख आला आहे, की प्रदर्शनात कित्येकांनी तो छापील समजून पुसून पाहिला.

ही वार्ता गल्लीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. सल्ला देण्याच्या बाबतीत आमची गल्ली अत्यंत उदार आहे. येता-जाता लोक मला थांबवून वाक्ये देऊ लागले: ‘आप्पा, उचकी लागली घ्या’, ‘आप्पा, उन्हं लागली घाला’. मी विचारी, उचकी खरोखर लागली आहे काय? तर नाही, केवळ वाक्य आहे. मी ते सविनय परत करी. भरमू एकदा माझ्या देखत उंबऱ्याला ठेचाळला. मी अत्यंत आशेने कान टवकारले. परंतु त्याने जे वाक्य उच्चारले त्यात ‘लागणे’ नव्हते, आणि जे होते ते वाचनालयात टांगण्यासारखे नव्हते. ‘निद्रा’ या चौकोनाची अडचण निराळीच. ज्याला झोप लागते तो तसे सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याला लागलेली नसते. सुदैवाने कार्यकारी मंडळाची सभा भरली, मी तक्त्याच्या प्रगतीचे निवेदन वाचण्यास उभा राहिलो, आणि दुसऱ्या परिच्छेदातच खजिनदारांनी भूपाल यांच्या कानात सांगितले, “अध्यक्षांस्नी झोप लागली.” पंच म्हणून सही करण्यास उरलेले सर्व जण तयार होते. माझ्या निवेदनाचा याहून दुसरा उपयोग झाला नाही. पण जो झाला तो टिकाऊ झाला.

एक प्रसंग मात्र सांगताना अजून अवघड वाटते. मला ‘डोहाळे लागले’ हे वाक्य हवे होते. बाळाबाईंच्या सुनेचे लग्न होऊन बरेच दिवस झाले होते. मी केवळ नियोजनाच्या दृष्टीने, तक्त्यात जागा राखून ठेवावी किंवा कसे, एवढेच त्या मुलीला विहिरीवर विचारले. ती कळशी तेथेच टाकून घरात पळाली. बाळाबाई बाहेर आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आप्पा, तुमचं वय काय, तुमी इचारताय काय?” नंतर गल्लीत त्यांनी ‘आप्पास्नी याड लागलंय’ हे वाक्य अनेकदा आणि अनेक पंचांसमक्ष उच्चारले. पंचांचे अंगठे अक्षरशः वर होते. मी या वाक्याचा त्रयस्थपणे विचार केला आणि निर्णय दिला, की गोष्ट सिद्ध झालेली नाही. शिवाय माप घेणाऱ्याचेच माप घेण्याची प्रथा आमच्या खात्यात नाही. डोहाळ्यांचा चौकोन मोकळाच ठेवला; वेडाचा रद्द करण्यात आला. त्या जागी ‘गोडी’ घातली.

येथवर नुकसान फक्त माझ्या मानाचे होत होते, आणि निवृत्त माणसाजवळ तो थोडाफार साठलेला असतो. पण पुढे प्रकरण गावाच्या धंद्याला जाऊन भिडले.

निपाणी म्हणजे तंबाखू, हे मी सांगावयास नको. त्याच सुमारास युद्धाच्या खर्चासाठी सरकारने तंबाखूवर नवा कर बसवला होता. वखारीवखारींतून मोजणी चालली होती, कोणाचा माल किती, कोठे ठेवला, ओला किती, सुका किती, याची चौकशी होत होती, आणि अनोळखी माणूस दिसला की गाव गप्प बसत होते. अशा दिवसांत मी, खाकी कोट, कानावर पेन्सिल आणि हातात फुटपट्टी घेऊन, एका वखारीतून दुसऱ्या वखारीत हिंडू लागलो. मला फक्त ‘मालाला ओल लागली’, ‘पानाला कीड लागली’ अशी धंद्यातली वाक्ये हवी होती. मी दाराशी उभा राहून अगत्याने विचारी, “काय, ओलबिल लागली आहे काय कोठे?”

आज लिहिताना मला यातला दोष दिसतो. तेव्हा दिसला नाही.

पहिल्या वखारीत बायका पाने निवडीत गप्पा मारीत होत्या, त्या माझे पाऊल वाजताच थांबल्या. दुसऱ्या वखारीत मालकाने मला गूळपाणी दिले, खुर्ची दिली, प्रकृती विचारली आणि एक शब्द कामाचा बोलला नाही. चहाच्या दुकानात मी बसलो की बाके मोकळी होऊ लागली. ज्या गावाची भाषा मी मिरवणार होतो ते गाव माझ्यासमोर तोंड उघडीना. मला वाटले, तक्त्याच्या थोरवीने लोक संकोचले असावेत. शेवटी भरमूने मला मारुतीच्या देवळामागे गाठले.

“आप्पा, एक इचारू? रागावू नगा.”

“विचार.”

“तुमी सरकारात लागलायसा व्हय?”

मी हातातली फुटपट्टी खाली केली.

“समदं गाव म्हनतंय. पेन्शनीतनं काढून तंबाखूच्या हापिसात घेतलंय म्हनं. आमच्या मालकांनी बी सांगितलंय, आप्पा आलं की दार लावा.”

मालक म्हणजे भूपाल. ज्यांच्याबरोबर मी लहानपणी ओढ्यात पोहलो ते भूपाल. मी त्याच पावली दुकानी गेलो. ते गादीवर बसले होते. मला पाहून त्यांनी उगाच हिशेबाची पाने उलटली. त्यांची नजर चुकवण्याची ती तऱ्हा पाहून मला जे वाटले ते मी येथे लिहीत नाही. एवढेच लिहितो, की सेवाकाळात ठेकेदारांनी माझ्यावर नाना आरोप केले. पण माझ्याच गावाने मला चुगलखोर समजावे, ही पाळी कधी आली नव्हती. आणि त्याही अवस्थेत माझ्या मनाच्या एका कोपऱ्याने टिपले, की ‘आप्पा सरकारात लागले’ हे वाक्य ‘नोकरी’च्या चौकोनात चपखल बसते, आपणहून उच्चारलेले आहे, पंच तर गावभर आहेत. फक्त गोष्ट खोटी होती. मी ते घेतले नाही.

दुसरे दिवशी बाजार होता. मी अर्धवट तक्ता गुंडाळून नेला, भूपाल यांच्या दुकानाच्या फळीवर चार खिळ्यांनी ठोकला आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. भाषण केले नाही. लोक आधी लांबून पाहत होते. मग कोणीतरी मोठ्याने वाचले, ‘अध्यक्षांस्नी झोप लागली.’ एक हसला, मग चार हसले. भूपाल गादीवरून उतरून आले, नाकाला चष्मा लावून त्यांनी सगळे चौकोन वाचले आणि फार हळू म्हणाले, “आप्पा, ह्या पाच-पंचवीस शब्दांसाठी तुम्ही वखारीतनं हिंडत होता?” मी म्हणालो, शब्द एकच आहे. त्यावर ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला, आणि भरमू ओरडला, “मालकांस्नी ठसका लागला, घ्या आप्पा, खराखुरा हाय.” भूपाल यांनी खोकत खोकत स्वतःच पंच म्हणून सही केली, जे नियमात बसत नाही, परंतु त्या दिवशी मी हरकत घेतली नाही.

यानंतर गाव माझ्यावर कोसळले. ज्यांनी तोंडे मिटली होती ते दारात येऊन बसू लागले. जनावराला माशी लागली, मला बोलावणे. कोणाचे पोर शाळेची परीक्षा पास झाले, निकाल लागला, मला पेढ्यासकट बोलावणे. दोन जावांत, विहिरीला पाणी लागल्याचे आधी कोण म्हणाली यावरून अबोला धरला गेला आणि तो मिटवण्यास मला एकाच चौकोनात दोघींची नावे घालावी लागली. बाळाबाईंची सून एके दिवशी स्वतः येऊन, खाली मान घालून, “आप्पा, त्या चौकोनाला जागा ऱ्हायलीया न्हवं?” असे विचारून गेली. जागा राहिली होती. बाळाबाईंनी दोन्ही हातांचे अंगठे उठवले.

असा सगळा तक्ता भरत आला आणि एकच चौकोन उरला. ‘अग्नी’.

‘आग लागली’ या वाक्यावाचून ‘लागणे’चा तक्ता म्हणजे कमानीवाचून पूल. पण नियमाप्रमाणे आग खरोखर लागावयास हवी, आणि निपाणीत आग या शब्दाचे लोकांना काय भय आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. वखारीला वखार टेकलेली, आत वाळलेला माल छतापर्यंत. एक ठिणगी पडली तर गल्ली उरायची नाही. तरीही सल्ले आलेच. भूपाल म्हणाले, वखारीत तंबाखूच्या निकामी काड्या पडल्या आहेत. गावाबाहेर माळावर नेऊन पेटवा, चार माणसे जमवा, कोणीतरी म्हणेलच. कल्पना सोपी होती. मात्र नव्या कायद्याने तंबाखूची काडीसुद्धा इन्स्पेक्टरसाहेबांच्या समक्षच नष्ट करावी लागे.

साहेब गदगकडचे. मराठी त्यांनी खात्याच्या परीक्षेसाठी शिकलेली, म्हणून फार शुद्ध. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

“नाश करण्याचे कारण ‘भाषाविषयक’ असे आपण लिहिले आहे.”

“होय.”

“हे कोणत्या कलमात येते?”

मी त्यांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी ‘भाषाविषयक’ खोडले आणि ‘निकामी माल’ असे स्वतः लिहून मंजुरी दिली. मला वाटते त्यांना स्वतःलाच पाहण्याची इच्छा झाली असावी, कारण ठरल्या दिवशी ते छत्री घेऊन सर्वांच्या आधी माळावर हजर होते.

मी काडी ओढणार एवढ्यात राजमती पुढे आली. ढिगात किडा-मुंगी आहे का पाहिल्याशिवाय तिच्या घरच्या माणसाने आग लावायची नाही, असे तिने सर्वांसमक्ष बजावले. हरकत धर्माची होती आणि योग्य होती. मग तो सगळा ढीग एकेक काडी झटकून या बाजूचा त्या बाजूला करण्यात आला. बाळाबाई, भरमू, मी, आणि शेवटी उन्हाला कंटाळून छत्री मिटवून साहेबसुद्धा, असे सर्व जण माळावर उकिडवे बसून मुंग्या बाजूला काढीत होतो. जाणारे-येणारे गाडीवान थांबून पाहत होते. बांधकाम खात्यात असताना मी गव्हर्नरसाहेबांच्या दौऱ्यासाठी रस्ता झाडून घेतला होता, पण इतका स्वच्छ ढीग पाहिला नव्हता.

अखेर पेटवला. मी वाऱ्याची दिशा सकाळी पाहून ठेवली होती. ढीग निवडेपर्यंत वारा बदलला होता. तंबाखूच्या काडीचा धूर काय असतो! तो सरळ आमच्यावर आला. गर्दी उधळली. कोणाला ठसका लागला, कोणाच्या डोळ्यांना धार लागली, कोणी धापा टाकू लागले, कोणाचे धोतर बाभळीला लागले. वाक्यांचा असा पाऊस मी जन्मात ऐकला नाही आणि एकही टिपता येईना, कारण मला पेन्सिल दिसत नव्हती. मी नीट ऐकण्यासाठी जाळाजवळ गेलो, तेव्हा माझ्या भिवया गेल्या. साहेबांनी आधी कानडीत काहीतरी म्हटले आणि मग शुद्ध मराठीत, “मला पाणी लागेल,” असे सांगितले. परंतु ते निपाणीचे रहिवासी नसल्याने वाक्य घेता आले नाही. आणि या सगळ्यात ‘आग लागली’ हे दोन शब्द एकाही तोंडून निघाले नाहीत. मी बाळाबाईंकडे आशेने पाहिले. त्या पदरात तोंड घालून म्हणाल्या, “माझ्याकडं काय बघतायसा? तुमी जाळ केलाय, आमी खोकतोय.”

परतताना राजमती एवढेच बोलली, “परवानगी काढून पेटवल्याव आग लागली म्हनून कोन वरडंल?”

तिचे म्हणणे बरोबर होते आणि ते मंजुरीच्या अर्जापूर्वी मला सुचावयास हवे होते.

उत्सवाच्या दिवशी सकाळी तक्ता भिंतीवर चढला तो एका मोकळ्या चौकोनासह. भूपाल यांनी मला बाजूला घेतले. पाहुणे चिकोडीरोडला उतरून मोटारीने निघाले होते, अध्यक्ष नवा फेटा बांधून आले होते. “आप्पा, लिवून टाका,” ते म्हणाले. “दोन शब्द तर हायत. मी अन् खजिनदार सही करतो. कोन बघतंय?” मी त्यांना सांगितले, की माझ्या पुलाच्या पायात, पाण्याखाली, जो चुना गेला आहे तो कोणी बघत नसतानाच घातलेला आहे. त्यांनी दौतीचे झाकण लावले. मी मात्र स्वस्थ नव्हतो. वर्षभराचे काम, सगळ्या गावाचे अंगठे, आणि पाहुण्यांनी बोट ठेवावे अशी नेमकी एक जागा मी स्वतःच्या हाताने मोकळी ठेवली होती.

दालन माणसांनी भरले होते. सभेला कधी न येणारी माणसे आपला अंगठा पाहण्यासाठी आली होती आणि मुलांना उचलून दाखवीत होती. पाहुण्यांनी तक्ता वाचण्यास सुरुवात केली. भाताशी ते हसले. अध्यक्षांच्या झोपेशी त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. मग ते हसेनासे झाले आणि नुसते वाचू लागले. ओळीमागून ओळ, हात मागे बांधून, आणि मागे सगळी निपाणी टाचा उंचावून उभी. खालच्या रांगेत ते थांबले.

“हा चौकोन राहून गेला वाटते?”

“राहून गेलेला नाही,” मी म्हणालो. “आमच्या गावात वर्षभरात आग लागली नाही. म्हणून तेथे काही लिहिलेले नाही.”

त्यांना आधी कळले नाही. मी नियम सांगितला. ते विचारात पडले आणि मोठ्या सौजन्याने म्हणाले, की गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी पुण्यात खरोखर आग लागली होती, वाक्य त्यांनी स्वतः उच्चारले होते, ते हवे असल्यास घ्यावे.

“ते माप पुण्याचे आहे,” मी म्हणालो. “येथे धरता येणार नाही.”

दालनात कोणीतरी नाकाने आवाज केला. मला वाटते खजिनदार. पाहुणे काही बोलणार तोच गर्दीतून बाळाबाई पुढे आल्या. त्या घरून तबक घेऊन आल्या होत्या. कोणाला न विचारता त्यांनी मोकळ्या चौकोनाला हळद लावली, कुंकू लावले आणि हात जोडले. “आप्पांनी गावाची आग ह्या मोकळ्या घरात कोंडून घातलीया,” त्या सर्वांना म्हणाल्या. “हितनं भाईर पडू दिऊ नका.” त्यांच्यामागे सून आली, त्यामागे वखारीतल्या पाने निवडणाऱ्या बायका आल्या, त्या दोन जावा आल्या, आणि बघता बघता रांग झाली. माझ्या काळ्या शाईवर, टी-पट्टीने आखलेल्या रेषांवर कुंकू सांडत होते. मी ड्रॉइंगच्या शिक्षणाचा अभिमान बाळगणारा मनुष्य आहे. एरव्ही मी आडवा गेलो असतो. परंतु मी बांधलेल्या कोणत्याही मोरीला अथवा पुलाला आजवर कोणी हळदकुंकू वाहिलेले नव्हते. मी टोपी नीट केली आणि बाजूला सरकून रांगेला वाट करून दिली.

पाहुणे हे सगळे बारकाईने पाहत होते. विचारात गढलेला विद्वान मनुष्य हाताला सवय असते ते करतो. त्यांनी खिशातून विडी काढली, ओठांत धरली आणि तक्त्यापाशीच काडी ओढली.

“भाईर जावा, पावनं,” बाळाबाई तबक सांभाळीत कडाडल्या. “हितं आग लागंल.”

सगळ्यांच्या नजरा पाहुण्यांवरून माझ्यावर आल्या. भरमूचा अंगठा आपोआप वर गेला होता. भूपाल यांनी दौत माझ्या दिशेला सरकवली. मी मान हलवली.

“लागली नाही,” मी म्हणालो. “नोंद होणार नाही.”

पाहुण्यांनी काडी विझवली, विडी खिशात ठेवली, वहाणा पायात घातल्या आणि अंगणाच्या पार टोकाला, विहिरीपलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांना आमच्या मराठीतला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही.